शव उघडू नये, याचे कारण हवेत आहे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की जनावरांच्या साथरोगांविषयीच्या सूचना वर्तमानपत्रांतून आणि ग्रामपंचायतींच्या फलकांवर दिसू लागतात. घटसर्प, फऱ्या आणि आंत्रविषार यांच्या लसीकरणाची आठवण करून दिल्यावर त्यांत बहुधा आणखी एक वाक्य असते : काळपुळीचा, म्हणजेच फाशी रोगाचा, संशय असलेल्या जनावराचे शवविच्छेदन करू नये आणि कातडे काढू नये. हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. मात्र ही मनाई कशासाठी आहे, हे त्या सूचनेत लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. ग्रामीण भागात तीस वर्षांहून अधिक काळ पशुवैद्यक म्हणून काम केल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, कारण न सांगता केलेली मनाई लोक पाळत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना दोषही देता येत नाही. या मनाईमागचे कारण शाळेतल्या मुलालाही समजावून सांगता येईल असे आहे. जिवाणूच्या भोवती कोणता वायू किती आहे, त्यावर तो विष तयार करणार की टणक बीजाणू होऊन जमिनीत दडून बसणार, हे ठरते. याच विषयाकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाडीवर रात्रीतून दगावलेला बैल पाहण्यासाठी मला बोलावणे आले. पोट फुगलेले होते, अंग मेलेल्या जनावराचे ताठते तसे ताठलेले नव्हते, आणि नाकातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त झिरपत होते. लक्षणे इतकी बोलकी होती की मी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतले आणि मालकाला सांगितले की याला आता कोणीही हात लावायचा नाही. त्याने विचारले, "डॉक्टर, फाडल्याबिगर कळणार कसं काय झालं ते? आणि कातड्याचं चार पैसं येतील त्येचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त होते. मी मात्र "तसा नियम आहे" एवढेच उत्तर देऊन परतलो. त्या रात्री बैलाचे कातडे निघाले. ते सोडवणाऱ्यांपैकी एकाच्या मनगटावर आठवड्याभरात पुळी उठली. ती दुखत नव्हती आणि मधोमध कोळशासारखी काळी पडलेली होती. वेळेवर पेनिसिलिन मिळाल्यामुळे तो बरा झाला, परंतु मी त्या दिवशी पाच मिनिटे थांबून कारण समजावले असते तर कदाचित ती पुळी उठलीच नसती, ही बोच मला अजून आहे. म्हणून त्या मालकाला जे सांगायला हवे होते ते येथे लिहितो.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. जिवंत शरीरातील रक्तात मात्र या वायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर, म्हणजे वातावरणाच्या एकूण दाबाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. बाहेरच्या हवेच्या तुलनेत हे प्रमाण शंभर पटींहून अधिक आहे. काळपुळीचा जिवाणू, ज्याचे शास्त्रीय नाव बॅसिलस अँथ्रॅसिस, हा फरक ओळखतो. प्रयोगशाळेत साध्या पोषक माध्यमावर, साध्या हवेत त्याला वाढवले तर तो उत्तम वाढतो, परंतु विष फारच कमी तयार करतो, आणि त्याच्या वसाहती घासलेल्या काचेसारख्या खडबडीत व कोरड्या दिसतात. माध्यमात बायकार्बोनेट घालून भोवतालच्या हवेत पाच टक्के किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड ठेवला, तर तोच जिवाणू आपल्या विषाची तिन्ही प्रथिने भरपूर प्रमाणात बनवू लागतो आणि अंगाभोवती चिकट, चकचकीत कवच चढवतो. या कवचामुळे शरीरातील पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे कठीण जाते. तीन प्रथिनांपैकी एक पेशीचे दार उघडते, आणि उरलेली दोन आत शिरून एक सूज आणते व दुसरे पेशीच्या अंतर्गत निरोपांची साखळी तोडते. ज्याला आपण फाशीचा रोग म्हणतो, तो मुख्यतः या कवचाचा आणि या विषाचा परिणाम आहे.

विषाची जनुके या जिवाणूच्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-कड्यावर असतात आणि कवचाची दुसऱ्यावर. दोन्ही ठिकाणांची जनुके कार्यान्वित करणारे एक नियंत्रक प्रथिन आहे. त्याचा जनुक १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखला गेला आणि त्याला एटीएक्सए असे नाव मिळाले. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर माध्यमाची आम्लता बदलते व त्यामुळे हे सारे घडत असावे, अशी शंका कोणालाही येईल. ती तपासूनही पाहण्यात आली, आणि हा परिणाम आम्लतेचा नसून खुद्द कार्बन डायऑक्साइडचा व बायकार्बोनेटचा आहे असे दिसून आले. जिवाणूच्या दृष्टीने हा वायू म्हणजे आपण आता उबदार रक्ताच्या प्राण्याच्या शरीरात आलो आहोत याची खूण आहे. बाहेर मातीत असताना विष बनवण्यात शक्ती खर्च करून त्याला काहीच मिळणार नसते.

ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे विज्ञानालाही मोठा काळ थांबावे लागले. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी वैद्य म्हणून काम करत असताना, घरच्या साधनांनी या जिवाणूचे जीवनचक्र उलगडले आणि तोच काळपुळीचे कारण आहे हे दाखवून दिले. मात्र जनावर नेमके कशाने मरते, हा प्रश्न त्यानंतर सात दशकांहून अधिक काळ अनुत्तरित राहिला, कारण चंबूतल्या संवर्धनात मारक विष सापडत नव्हते. काही जणांनी तर जिवाणूंच्या प्रचंड संख्येने केशवाहिन्या तुंबून जनावर मरते असे मत मांडले होते. १९५४ मध्ये इंग्लंडमधील हॅरी स्मिथ आणि जेम्स केपी यांनी चंबूऐवजी काळपुळीने मरणाऱ्या गिनीपिगचे रक्त घेतले, त्यातील जिवाणू काढून टाकले आणि उरलेल्या निर्जंतुक द्रवानेही प्राणी मरतात हे सिद्ध केले. शरीरात जे घडते ते शरीराबाहेर शोधायचे असेल तर शरीरातली हवाही बाहेर उभी करावी लागते, हा धडा सूक्ष्मजीवशास्त्राला या एका रोगाने दिला. आमच्या अभ्यासक्रमात तो दोन ओळींत उरकला जात असे, याची मला आजही खंत वाटते.

कार्बन डायऑक्साइडमुळे कवच चढते या निरीक्षणातून, १९५४ च्याही आधी, आपल्या गुरांना मिळालेली लस जन्माला आली आहे, आणि ही हकीकत पशुपालकांना सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळील ऑन्डरस्टेपूर्ट येथील पशुवैद्यकीय संस्थेत मॅक्स स्टर्न यांनी १९३० च्या दशकात घोड्याचे रक्तजल (सीरम) मिसळलेल्या माध्यमावर, सुमारे ३० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत काळपुळीचे जिवाणू वाढवले. अशा हवेत प्रत्येक वसाहत कवचामुळे चकचकीत व ओलसर दिसायला हवी. पण काही वसाहतींच्या कडेला खडबडीत, कोरडा भाग फुटून निघालेला त्यांना दिसला. म्हणजे भोवती भरपूर कार्बन डायऑक्साइड असूनही तिथल्या जिवाणूंना कवच चढवता येत नव्हते. अशा कवचहीन जिवाणूंतून निवडलेला ३४एफ२ हा वाण प्राण्यांत रोग करत नव्हता, मात्र विषाची प्रथिने थोड्या प्रमाणात बनवून संरक्षण निर्माण करत होता. त्या वाणाने कवचाचा प्लाझ्मिड कायमचा गमावला आहे, हे अनेक वर्षांनंतर उमगले. आज जगभर जनावरांना काळपुळीची जी लस टोचली जाते ती बहुतांश याच वाणाच्या बीजाणूंची असते. साध्या हवेत तबकड्या ठेवल्या असत्या तर साऱ्याच वसाहती खडबडीत दिसल्या असत्या आणि हा फरक कोणाच्या नजरेस पडला नसता.

आता त्या बैलाकडे वळतो. काळपुळीने दगावलेल्या जनावराच्या एका मिलिलिटर रक्तात दहा कोटींच्या आसपास जिवाणू असू शकतात. हे सर्व जिवाणू वाढीच्या अवस्थेतले, म्हणजे तसे नाजूक असतात. श्वास थांबल्यावर शरीरातील उरलासुरला प्राणवायू लवकरच संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि आतड्यांतील कुजवणारे, प्राणवायूशिवाय वाढणारे जिवाणू सर्वत्र पसरतात. अशा बंदिस्त शवात काळपुळीचा जिवाणू टिकत नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत तीन-चार दिवसांत तो कुजण्याच्या प्रक्रियेतच बहुतांशी नष्ट होतो, कारण त्याला बीजाणू बनवायचा असेल तर प्राणवायू लागतो आणि तोच त्याला मिळत नाही. हवा, ओल आणि ऊब मिळाल्यावर बीजाणू तयार होतात, हे तर कॉख यांनीच पाहिले होते. सुरीने पोट उघडले किंवा कातडे ओढले की हे कोट्यवधी जिवाणू हवेच्या संपर्कात येतात, रक्त मातीत सांडते, आणि एक-दोन दिवसांत त्यांतील पुष्कळांचे बीजाणू होतात. जो जिवाणू शवात कुजून संपणार होता, त्याला आपणच दीर्घायुष्य बहाल करतो.

हे दीर्घायुष्य किती असते, याचे उदाहरण स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रुइनार्ड बेटाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिश सरकारने तेथे मेंढ्यांवर काळपुळीच्या बीजाणूंच्या चाचण्या केल्या. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्या बेटावर जाण्यास मनाई होती. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेले २८० टन फॉर्मल्डिहाइड जमिनीवर फवारावे लागले, आणि १९९० मध्ये ते बेट सुरक्षित असल्याचे जाहीर झाले. आपल्या गावाचे गायरान असे धुऊन काढणे कोणत्याही ग्रामपंचायतीला शक्य नाही. तेथे पडलेले बीजाणू पुढच्या पिढीतल्या गुरांच्या तोंडी गवताबरोबर आणि मातीबरोबर जातील.

मालकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही याच वायूत होते. फाडल्याशिवाय रोग कळतो, तो कानाच्या शिरेतील रक्ताच्या एका थेंबातून. तो काचपट्टीवर पसरून पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवला की निळ्या दांड्यांसारख्या जिवाणूंभोवती गुलाबी वलय दिसते. ब्रिटिश पशुवैद्यक मॅकफेडियन यांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही खूण म्हणजे त्या कवचाचेच अवशेष होत, जे जिवाणूने जनावराच्या शरीरातील कार्बन डायऑक्साइडमुळे अंगावर चढवलेले असते. तालुक्याच्या दवाखान्यात साधा सूक्ष्मदर्शक असला तरी हे काम होते. शव जितके जुने तितके वलय अस्पष्ट होत जाते, म्हणून पशुपालकाने लगेच कळवणे महत्त्वाचे आहे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत काळपुळी आहे आणि असा रोग कळवणे पशुमालकावर बंधनकारक आहे, हेही गावोगावी माहीत नसते.

बैलाच्या मालकाचा दुसरा प्रश्न कातड्याच्या पैशांचा होता, आणि त्याला विज्ञानात उत्तर नाही. कातडी सोडवण्यावर ज्यांचे पोट चालते त्यांना आपण सर्वांत मोठा धोका पत्करायला लावतो आणि वर त्यांनाच अडाणी म्हणतो, हे अन्यायाचे आहे. काळपुळीचा संशय असलेले जनावर न उघडता जाळले किंवा खोल पुरले, तर मालकाला आणि कातडी सोडवणाऱ्याला त्या कातड्याची किंमत ग्रामपंचायतीने किंवा शासनाने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका दूषित गायरानापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ ठरेल.

वायू आणि विष यांचे हे नाते केवळ काळपुळीपुरते नाही. धनुर्वाताच्या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही. म्हणूनच जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किटासाटो यांना १८८९ मध्ये हायड्रोजन वायूच्या आवरणात तो पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवता आला, आणि म्हणूनच खिळा घुसून वरून मिटलेली खोल जखम उघड्या खरचटण्यापेक्षा अधिक घातक असते. वायुकोथात, म्हणजे गॅस गँगरीनमध्ये, स्नायू विरघळवणारे अल्फा विष बनते. अशा रुग्णाला दाबाच्या कक्षात ठेवून भरपूर प्राणवायू दिल्यास त्या विषाची निर्मिती थांबते, असे १९६० च्या दशकात नेदरलँड्समध्ये दिसून आले. अर्थात आधीच तयार झालेले विष त्यामुळे नाहीसे होत नाही, आणि मेलेला स्नायू शस्त्रक्रियेने काढावाच लागतो.

शहरी वाचकांच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटते ते अन्नाच्या बंद पाकिटांचे उदाहरण. मासे, मांस आणि तयार जेवण टिकवण्यासाठी पाकिटातील हवा काढून त्यात कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन भरण्याची पद्धत आता आपल्या बाजारातही रुळते आहे. कार्बन डायऑक्साइडमुळे अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते, आणि म्हणून तो उपयुक्तच आहे. परंतु बॉट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या अन्नविषबाधेचे, विष बनवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूच्या, थंडीतही वाढू शकणाऱ्या एका वाणावर स्वीडनमधील संशोधकांनी केलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विचार करायला लावणारा आहे. मीठ आणि नायट्राइट यांनी त्याची वाढ मंदावली, विषाच्या जनुकाचे काम मात्र कमी-जास्त झाले नाही. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेले तेव्हा त्या जनुकाचे काम पाचपट वाढले, आणि जिवाणूंच्या तेवढ्याच संख्येमागे बाहेर पडलेले विष दर मिलिलिटरला २७ नॅनोग्रॅमवरून १२६ नॅनोग्रॅमवर गेले. जिवाणूंची संख्या कमी म्हणजे धोकाही त्याच प्रमाणात कमी, हे आपले सरसकट गृहीत धरणे येथे तपासून घ्यावे लागते. हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या माध्यमात झाला होता, प्रत्यक्ष अन्नात नव्हे, आणि त्यावरून अशा पाकिटांची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. मात्र अशा पाकिटावर "शीतपेटीत ठेवा" असे छापलेले असते ते निव्वळ चवीसाठी नसते. दुकानदाराने रात्री शीतपेटी बंद ठेवली तर नेहमीचे नासवणारे जिवाणू वायूमुळे गप्प राहतात, वास येत नाही, आणि जे धोक्याचे आहे ते निमूटपणे वाढू शकते. अन्नाला वास नाही म्हणजे ते चांगले, हा आपल्या स्वयंपाकघरातला जुना आणि एरवी भरवशाचा निकष अशा पाकिटांना लावू नये. बॉट्युलिझमचे विष उष्णतेने निकामी होते, त्यामुळे असे अन्न नुसते कोमट न करता चांगले उकळून घेणे केव्हाही हिताचे.

आपल्या वर्तमानपत्राचा ग्रामीण वाचक मोठा आहे. पावसाळ्यापूर्वी जेव्हा आपण लसीकरणाच्या बातम्या छापाल, तेव्हा मनाईसोबत तिचे कारणही छापावे, अशी माझी विनंती आहे. पशुसंवर्धन विभागानेही फलकावरील एका ओळीऐवजी चार-पाच ओळी लिहाव्यात. शब्द अवघड नसावेत म्हणून मसुदाच देतो : "जनावर अचानक मेले आणि नाकातून किंवा गुदद्वारातून काळे, न गोठणारे रक्त आले, तर ते फाडू नका, कातडे काढू नका, ओढत नेऊ नका. आतल्या जंतूंना हवा मिळाली नाही तर ते तीन-चार दिवसांत शवातच कुजून मरतात. हवा मिळाली तर त्यांचे टणक बी तयार होते आणि ते तुमच्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. रक्त आले त्या जागी माणसे, कुत्री आणि कावळे येऊ देऊ नका, शव ताडपत्रीने झाका आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फाडल्याशिवाय रोग ओळखता येतो."

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी